वाढत्या अंगाचं

मंडळी, गेल्या रविवारी शिवणाच्या टेबलापाशी एक वाक्य कानावर पडलं आणि आठवडा झाला तरी ते डोक्यातून जात नाहीये. म्हणून आज शिवण बाजूला ठेवून लिहायला बसले. यातलं काही वाचून नात्यातल्या दोघी-चौघींना राग येईल. येऊ दे. या वयात मी रागलोभाच्या पलीकडे गेलेय असं मुळीच म्हणणार नाही, पण चष्म्याचा नंबर वाढत गेला तशी भीड कमी होत गेली एवढं खरं.

तर झालं असं, की येत्या मार्गशीर्षात माझ्या भाच्याचं लग्न आहे. माझ्या नातीने (लेकीची मुलगी, यंदा अकरावीत) या लग्नात पहिल्यांदाच साडी नेसायचं ठरवलं. आईची हिरवी नारायणपेठ कपाटातून काढली आणि ब्लाऊज आजीच शिवणार असं परस्पर जाहीर करून टाकलं. मला काय, दहा हत्तींचं बळ आलं! शनिवारीच अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवलं. (अस्तर आधी भिजवून घेतलं नाही तर पहिल्या धुण्यात आटतं आणि ब्लाऊजला चुण्या पडतात. नव्याने शिवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) रविवारी ती आली. मी टेप गळ्यात अडकवली, मापांची वही उघडली. तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं, मग माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मापं घे, पण आकडे मोठ्याने म्हणू नकोस हं."

"अगं, घरात आहे कोण ऐकायला?"

"मी आहे ना."

मला पुढे काही बोलताच येईना. मुकाट्याने मापं घेतली. छाती, कंबर, खांदा, उंची, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. कंबरेशी टेप गेली तेव्हा पोरीने श्वास रोखून पोट आत ओढलं. मी म्हटलं, "श्वास सोड बाई, नाहीतर लग्नात जेवायच्या आधी ब्लाऊज बदलावा लागेल." हसली, पण श्वास काही पूर्ण सोडला नाही. मी मनातल्या मनात एक इंच धरला आणि वहीत लिहिलं.

शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने मापाचा आकडा म्हणजे काय असतो, ते आधी सांगते. छातीचं माप छत्तीस आलं तर त्याला चाराने भागायचं, नऊ. त्यात शिलाईसाठी दीड-दोन इंच मिळवायचे आणि चार पदरी कापडावर खडूने खूण करायची. झालं. छत्तीस तिथेच संपतं. छत्तिसाऐवजी अठ्ठावीस असते तर खूण दोन इंच आत आली असती, कापड थोडं उरलं असतं, बस्स. कात्री हातात असताना मला हा आकडा चांगला आणि तो वाईट असं कधी वाटलेलं नाही. वाईट असतं ते चुकलेलं माप.

ही माझी वही १९७६ सालची आहे. त्या वर्षी पगाराची थकबाकी एकदम हातात आली, तिच्यातून पायाने चालवायचं उषा मशीन घेतलं आणि त्याच दिवशी दुकानाशेजारून दोनशे पानी वही. तेव्हापासून नात्यातल्या, शेजारच्या, शाळेतल्या सहकारी बायकांची मापं तारखेनिशी तीत आहेत. (घाबरू नका, तुमची मापं सुरक्षित आहेत!) एकेकीचं पान बघावं. पहिल्या ओळीत तीस, बाळंतपणानंतर चौतीस, पुढे सदतीस, मग एखादं आजारपण आणि पुन्हा तेहतीस. माझ्या थोरल्या जावेच्या पानावर सगळ्यात शेवटच्या ओळीत एकतीस लिहिलंय. तो ब्लाऊज तिने दोनदाच घातला. त्या पानावरचे बाकीचे आकडे किती वाढले होते म्हणून ती जन्मभर कुढली, आणि तो शेवटचा एकतीस बघून आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता.

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, ती केल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

१९८४-८५ च्या सुमाराची गोष्ट. शाळेत माझा विषय मराठी, पण हिला शिवण येतं म्हणून मुलींच्या कार्यानुभवाचा तासही माझ्याच गळ्यात असायचा. त्या वर्षी स्नेहसंमेलनातल्या लेझीमसाठी आठवीच्या मुलींना एकसारखे परकर-पोलके शिवायचे ठरलं. मी वर्गातच मुलींना रांगेत उभं केलं. मी माप घ्यायचं, आकडा म्हणायचा, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या हुशार मुलीने तो लिहून घ्यायचा. सोय किती! "छाती अठ्ठावीस, कंबर तेवीस... छाती एकोणतीस..." असं चाललं होतं. एका मुलीपाशी आकडा छत्तीस आला. मी तोही तितक्याच खणखणीत मास्तरी आवाजात म्हटला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, मग रांगच्या रांग हसली. मी "शांत बसा गं" म्हणून ओरडले आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी सरावाला आली नाही. पाय दुखतो म्हणाली. तिचं पोलकं मी बेतून बसले होते, त्या कापडाची मग मी बाजाराची पिशवी शिवली. आणि मंडळी, खरं सांगते, तेव्हा मला चुटपुट लागली ती कापड वाया गेल्याची. मुलगी का आली नाही हा प्रश्न मला पडलाच नाही. शांत बसा म्हटलं होतं ना मी, माझं काम झालं होतं.

ती मुलगी आता पंचावन्नच्या घरात असेल. पुढे कुठे गेली, ठाऊक नाही. रविवारी नातीने दार लावून घेतलं तेव्हा ते फिस्सकन हसू मला चाळीस वर्षांनी नीट ऐकू आलं.

आपल्या मराठीत शिवणाचा एक फार छान शब्दप्रयोग आहे, "वाढत्या अंगाचं". लहान मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो. मी बाळंतविडे पुष्कळ केले. कुंच्या, टोपडी, झबली, दुपटी, सगळं थोडं थोडं मोठंच बेतायचं. कोणी म्हणत नाही, "काय हे, एवढंसं पोर आणि केवढं झबलं!" उलट आजूबाजूच्या बायका कौतुक करतात, बरं केलंस, सहा महिने चालेल. शाळेचा गणवेश घेतानाही आयांचं दुकानदाराला हेच सांगणं, वाढत्या अंगाचा द्या. अंग वाढणार हे गृहीत, वाढावं अशीच इच्छा. आणि मग एक दिवस, मुलगी बाराची-तेराची होते न होते तोच, हाच शब्द आपण कायमचा काढून घेतो. त्यानंतर अंग वाढलं की ती बातमी होते. आणि बातमी म्हटली की ती सांगत फिरणारे आलेच!

गंमत अशी की अंग वाढलं नाही तरी बातमीच होते. १९७३ साली मला बघायला मंडळी आली तेव्हा मी तेवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली आणि काडी पहिलवान. आधीच्या एका ठिकाणाहून निरोप आला होता, मुलगी शिकलेली आहे पण अंगात भरलेली नाही. आईने तो निरोप इतका मनाला लावून घेतला की पुढच्या कार्यक्रमासाठी माझ्या ब्लाऊजला दुहेरी अस्तर घातलं आणि बाह्या फुग्याच्या केल्या. वर पोटभर कडक इस्त्रीची साडी. वैशाखातला उकाडा, आणि मी दोन अस्तरांच्या आत घामाने निथळत पोह्यांच्या बशा फिरवतेय! लग्नानंतर ह्यांना विचारलं, तुमच्या काही लक्षात आलं होतं का? तर म्हणाले, मी पोह्यांकडे बघत होतो. बिचाऱ्या आईची शिलाई फुकट गेली म्हणायची. पण सांगायचं ते हे, की माझ्या वेळी बारीक असणं खोट होती, नातीच्या वेळी जाड असणं ही. खोट बदलली, बघणारे डोळे तेच.

पूर्वी सगळं छान होतं असं गाणं मी गाणार नाही. माझी आजी नऊवारी नेसायची आणि पुढे गाठ मारायची खणाची चोळी घालायची. तशी पाहिली तर ती फार शहाणी वस्त्रं. नऊवारीला साइज नाही, जिच्या अंगावर जाईल तिच्या मापाची होते. गाठीची चोळी अंग भरलं तर सैल बांधायची, वाळलं तर ओढून बांधायची. गुळेदगुड्डच्या खणाने कधी कुठल्या बाईला "तुझ्या मापाचं आमच्याकडे नाही" असं म्हटलं नाही. आजीच्या फणेरपेटीतला आरसा जेमतेम तळहाताएवढा होता, त्यात कपाळ दिसायचं, कुंकू सरळ लागलं की काम संपलं. आमच्या वाड्यात अख्खं माणूस दिसेल असा आरसा आला तो लोखंडी गोदरेजच्या कपाटाबरोबर, मी हायस्कुलात असताना. त्याच्यापुढे उभं राहून मी पहिल्यांदा स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. आजीने आयुष्यात स्वतःला तसं कधी पाहिलं नसावं. कपाटासमोरून ती जायची ती किल्लीकडे बघत. पण म्हणून ती सुटली होती का? छे! तिच्या रंगावरून तिच्या सासूने काय काय ऐकवलं ते ती ऐंशीव्या वर्षी शब्द न शब्द सांगायची. आरसा नसला तरी माणसं होती की!

पण रेडीमेड कपड्यांनी एक नवीनच गोष्ट आणली. पूर्वी कपडा अंगाला बसवत, आता अंग कपड्यात बसवायचं. नातीबरोबर मी दिवाळीत एका मोठ्या दुकानात गेले होते. एका खोलीत ती चार कुर्ते घेऊन शिरली आणि रडवेली होऊन बाहेर आली. एका कंपनीचा 'एल' तिला ढगळ, दुसऱ्या कंपनीचा 'डबल एक्सेल' दंडात अडकतो! मी कुर्ते उलटे करून शिलाया बघितल्या. (दुकानातली मुलगी माझ्याकडे संशयाने बघत होती.) आत जेमतेम पाव इंच कापड सोडलेलं. उसवून सैल करायची सोयच नाही. मुंढा इतका तोकडा बेतलेला की कोणाही धडधाकट बाईचा हात त्यात अडकावा. मी तिला म्हटलं, कटिंग चुकलंय. ती म्हणाली, "नाही आजी, मीच चुकलेय." अकरावीतली मुलगी, गणितात पैकीच्या पैकी आणणारी, पण चुकलेलं कटिंग तिला ओळखता येत नाही, कारण कात्री तिने कधी हातातच घेतली नाही.

हे एस-एम-एल आणि नंबर आले कुठून, हे मी घरी आल्यावर शोधून वाचलं. मोठी मजेदार हकीकत आहे. अमेरिकेत टपालाने कपडे मागवायची पद्धत वाढली, पण मापं बसत नसल्यामुळे कपडे परत यायचे. म्हणून १९३९-४० मध्ये तिथल्या कृषी खात्याने (हो, कृषी!) सुमारे पंधरा हजार बायकांची मापं घेतली, एकेकीची तब्बल ५९. त्यातून निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या बायकांचीच मापं धरली. पुढे १९५८ साली त्यावरून सरकारी प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं, कारण बायका काही त्या तक्त्याप्रमाणे वाढायला तयार नव्हत्या. मग प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने नंबर देऊ लागली. गिऱ्हाईक खूष व्हावं म्हणून आकडा तोच ठेवून कपडा हळूहळू मोठा करण्याची युक्तीही निघाली. आणि आपल्याकडे? आपल्याकडच्या कंपन्या वर्षानुवर्षं इंग्लंड-अमेरिकेच्याच तक्त्यांत थोडा फेरफार करून कपडे बेतत आल्या. भारतीय अंगाची मापं घ्यायचा 'इंडियासाइज' नावाचा प्रकल्प निफ्ट या संस्थेने हाती घेतल्याचं जाहीर झालं ते २०१८ मध्ये, सहा शहरांतल्या पंचवीस हजार माणसांची मापं स्कॅनरने घ्यायची म्हणून.

म्हणजे बघा, कुठल्या तरी परक्या बायकांच्या मापांचा, त्यांच्याच देशाने टाकून दिलेला तक्ता, आणि त्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यावरून माझी नात म्हणते, मीच चुकलेय. मी हे सगळं तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजी, दुकानवाले तरी ओळखीचे नसतात."

आता येते मुख्य मुद्द्यावर. ओळखीचे.

आपल्या घरांत माणूस दारात आलं की पाणी द्यायच्या आधी आपण त्याच्या अंगाचा हिशेब मांडतो. "किती वाळलीस गं!" "चांगलीच सुटलीयेस की!" "सासरचं मानवलेलं दिसतंय." "काय खाते कोण जाणे, आईवर गेलीय." हे सगळं प्रेमाने म्हणतो बरं का! मीही म्हणत आले. कित्येकदा दुसरं काय बोलावं हे सुचत नाही म्हणून म्हणतो. वर्षानं भेटलेल्या मुलीला तू हल्ली काय वाचतेस, कॉलेजात जीव रमतो का, हे विचारायला थोडी तसदी घ्यावी लागते, उत्तर ऐकून घ्यावं लागतं. अंग तर समोर दिसतंच, त्यावर शेरा मारला की संभाषण झालं असं आपल्याला वाटतं. गेल्या वर्षी एका मुंजीत आमच्यापैकीच एकीने (नाव सांगत नाही, पण ती हे वाचते) पंगतीत नातीच्या पानात जिलबी वाढता वाढता म्हटलं, "हिला एकच वाढा रे." सगळे हसले. मीही हसले, हे लिहिताना मला लाज वाटतेय. त्या दिवशी पोरीने ती एकही जिलबी खाल्ली नाही आणि रात्री घरी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, पुढच्या कार्याला मला नेऊ नका.

कोणी म्हणेल, मग तब्येतीचं बोलायचंच नाही का? बोलावं ना. माझी साखर गेली बारा वर्षं गोळीवर आहे. डॉक्टर मला वजन कमी करा म्हणतात, गुडघ्यांसाठी तर बजावूनच सांगतात, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते दार बंद करून, माझा कागद समोर ठेवून बोलतात आणि पुढे काय करायचं तेही सांगतात. पंगतीत वाढपी म्हणून उभं राहून निदान करत नाहीत. एवढाच फरक आहे, पण फार मोठा आहे.

दुसरं कोणी म्हणेल, आम्हाला काय कमी ऐकवलं? आम्ही नाही का निभावलं? निभावलं. पण म्हणून दुहेरी अस्तराचा उकाडा नातीला वारसा म्हणून द्यायचा का? वारसा द्यायला माझ्याकडे बऱ्या वस्तू पुष्कळ आहेत. क्रोशाचे तीन रुमाल आहेत, जुन्या पातळांची एक गोधडी आहे, उषा मशीन आहे.

आणि मी काही फार पोहोचलेली बाई आहे असं समजू नका. सकाळी चहा झाला की सात ते दहा पूर्वेच्या खिडकीशी मशीनवर बसते. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा पुन्हा एका फटक्यात जातो. बोटांची पेरं सुजतात म्हणून क्रोशा अर्ध्या तासाच्या वर होत नाही, पण शिवण चालतं. ते तीन तास मला माझं अंग दिसत नाही, फक्त हात दिसतात, आणि हात काय करतायत तेवढंच दिसतं. माझ्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ तो. बाकीच्या वेळी मलाही सगळं दिसतं. पाच फूट दोन इंच होते, ती दीड इंच आटलेय (आधी भिजवून घेतलं नव्हतं ना!). पाठीला बाक आलाय, म्हणून ब्लाऊजचा मागचा भाग आता पाऊण इंच लांब बेतावा लागतो आणि पुढचा आखूड. दंडाची कातडी लोंबते. ती दिसू नये म्हणून गेली पाच-सहा वर्षं मी माझ्या बाह्या कोपरापर्यंत करतेय.

हे सगळं नातीच्या नजरेतून सुटलंय असं मला वाटत होतं. रविवारी दुकानाच्या तक्त्यावर आणि लोकांच्या बोलण्यावर माझं व्याख्यान ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मग तू एवढ्या उकाड्यात लांब बाह्या का घालतेस?"

मी म्हटलं, थंडी वाजते. ती म्हणाली, "ऑक्टोबरमध्ये?"

काय उत्तर देणार? खरं तेच सांगितलं. म्हटलं, मला नाही आवडत माझे दंड आता. ती जरा वेळ गप्प बसली. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, किती मऊ लागतो गं. आणि मग आम्ही दोघी जरा मोकळ्या झालो. मी तिला वहीतलं माझं स्वतःचं पान दाखवलं. छाती तीस, १९७६. तिथून आजपर्यंतच्या सगळ्या ओळी तिने बोट ठेवून वाचल्या, अगदी मोठ्याने. मग तिच्या आईचं पान काढलं. "आई सव्वीस होती?" म्हणून खूप हसली. आई तेव्हा दहा वर्षांची होती हे मी तिला नंतर सांगितलं. स्वतःचं पान आलं तेव्हा मात्र तिने ते न वाचताच उलटलं. मीही काही बोलले नाही. एका दुपारीत किती होणार?

तर नातेवाईक मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, आणि मोठेपणाचा मान मिळत असेल तर तंबीच समजा. मार्गशीर्षातल्या लग्नात माझी नात हिरवी साडी नेसून येईल. साडी कशी आहे ते म्हणा. कोणाची आहे, विचारा. पहिल्यांदा नेसलीस का, निऱ्या कोणी घातल्या, म्हणा. ब्लाऊज कोणी शिवला ते तर अवश्य विचारा, मला आवडेल! ती बारीक झाली की जाड झाली हे तुम्हाला दिसेल, डोळे आहेत तुम्हाला. ते तोंडावाटे बाहेर यायचं कारण नाही. सांगायचा अगदीच अनावर मोह झाला तर मंडपात मला शोधून काढा आणि माझ्या कानात सांगा. मला एका कानाने कमी ऐकू येतं, त्याच कानात सांगा. आणि पानात जिलबी वाढताना ती किती हवी ते तिलाच विचारा.

बुधवारी ती कच्चा ब्लाऊज घालून बघायला आली होती. मुंढा जरा ओढत होता, तो उसवून अर्धा इंच सोडला. खांदा छान बसलाय. बाही तिने छोटी मागितली होती, मी विचारलं, नक्की? तर म्हणाली, नक्की, आणि मला म्हणाली, तूही तुझी कापून घे. बघू. एक जुना ब्लाऊज काढून ठेवलाय, त्याच्या बाह्यांवर प्रयोग करीन म्हणते. तिच्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंना आतून तीन-तीन शिलाया घातल्या आहेत आणि दीड इंच कापड राखलंय, वाढत्या अंगाचं. हुक लावायचे आणि गळ्याची हातशिलाई तेवढी राहिलीय. उद्या सकाळी खिडकीत ऊन आलं की घेईन करायला.